आपोआप भरणारी अक्षरं

सोमवार, ३

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं आज माझं झालं. पश्चात्ताप मात्र जराही होत नाहीये, उलट झोप उडालीय, म्हणून ही डायरी उघडली. डोळ्यांच्या थेंबांच्या कंपनीने आमच्या दवाखान्यात वाटलेली. इतके दिवस कोरीच पडून होती.

झालं असं की मी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले होते. छत गळल्यामुळे चार महिने ते निम्मं बंद होतं. आता नव्या लाकडी मांडण्या आल्यात, भिंतींना रंग लागलाय, तीस तारखेला सगळं पुन्हा उघडणार. ग्रंथपाल बाई विभागांच्या पाट्यांचे नमुने बघत बसल्या होत्या. पिवळ्या प्लास्टिकवर निळ्या अक्षरांत 'कविता'. मला बघवेना.

म्हटलं, "बाई, एवढ्या छान मांडण्यांवर हे चिकटवणार? आम्ही करून देतो की लाकडाच्या."

"आम्ही म्हणजे? तुमचे सासरे पुन्हा ब्रश धरायला लागले?"

"नाही. मी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. बावीस छोट्या पाट्या, शिवाय दारावरची एक मोठी. शनिवारी एक नमुना दाखवायचा. पसंत पडला तर काम माझं, नाहीतर प्लास्टिक.

आता खरं लिहिते. मला सरळ रेघ मारता येत नाही. पण मी एक व्हिडिओ पाहिलाय, त्यात एक बाई कागदावर छापलेलं अक्षर लाकडावर उतरवते. कागद उलटा चिकटवायचा, वाळला की ओला करून घासून काढायचा, कागद जातो आणि अक्षर लाकडावर राहतं. तिला चार मिनिटं लागली.

दुसरं कारण पुढच्या खोलीचं. ही सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, कामाची खोली. चाळीस वर्षं त्यांनी इथे दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात थरथरतो. त्यांनी ब्रशची पेटी बंद केली आणि किल्ली कुठे ठेवली ते कुणाला सांगितलं नाही. आता नवरोबांचं ठरलंय की खोली रिकामी करायची. एक तारखेला भंगारवाला येणार. बाबांच्या समोरच हे बोलणं झालं. बाबा म्हणाले, "न्या. माझं काय जातंय," आणि रेडिओ मोठा केला.

खोलीत काम चालू असेल तर ती रिकामी कशी करणार? मला ती खोली हवीय. सात वर्षं मी दवाखान्याच्या खिडकीतून लोकांना 'नाव, वय, चष्मा आहे का' एवढंच विचारतेय. मला काहीतरी बनवायचंय.

मंगळवार, ४

सुतारकाकांकडून पाइनच्या फळ्यांचे तुकडे आणले. त्यांनी ते घासून इतके गुळगुळीत करून दिले की गालाला लावून बघितले. दवाखान्यात लेझर प्रिंटर आहे, आणि तोच लागतो, कारण त्याची काळी पूड पाण्याने फिसकटत नाही. डॉक्टर म्हणाले, "छापा, पण कागद तुमचा." 'कविता' छापून आणलं. पांढरा सुतारी डिंक लावला, कागद उपडा ठेवला, जुन्या कार्डाने फुगे काढले. बाबा खुर्चीतून बघत होते.

"काय चाललंय?"

सांगितलं.

"म्हणजे अक्षर काढायचं नाही, डकवायचं."

"डकवायचं नाही बाबा, उतरवायचं."

"भूत उतरवतात," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

बुधवार, ५

सकाळी लवकर उठून स्पंजने कागद ओला केला आणि बोटाने घासायला लागले. कागदाच्या बारीक सुरळ्या निघायला लागल्या आणि खालून काळं दिसायला लागलं. मी अक्षरशः ओरडले. नवरोबा तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले.

अक्षर उतरलं होतं. फक्त उलटं. छापतानाच ते आरशातल्यासारखं छापायला हवं होतं, म्हणजे उपडं ठेवल्यावर सुलटं झालं असतं. व्हिडिओत त्या बाईने ते पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा कुकर बंद करायला गेले होते.

बाबांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "छान आहे. समोरच्या भिंतीवर एक आरसा लावायला सांग बाईंना."

मग म्हणाले, "उलटंसुलटं सोड. अक्षरच मेलेलं आहे. हे यंत्राचं अक्षर, ह्याला वजन नाही. 'क'चं पोट बघ, उपाशी माणसासारखं."

राग आला. पण संध्याकाळी मी 'क'चं पोट बघितलं आणि ते खरंच तसं होतं.

गुरुवार, ६

सापडलं! खोलीतल्या फळीवर, डब्यांच्या मागे, सुतळीने बांधलेली एक मोठी वही. पारदर्शक कागदांवर बाबांच्या हाताची सगळी मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, आकडे. पेन्सिलीच्या बारीक रेघा तशाच दिसतात. एकेका 'ल'चे सहा-सहा प्रकार आणि पाचांवर फुली. 'क'चं पोट तर असं भरलेलं की बघतच राहावं.

न विचारता वही पिशवीत घालून दवाखान्यात नेली. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत एकेक अक्षर स्कॅन केलं, संगणकावर शेजारी शेजारी मांडलं, वेलांट्या जागेवर बसवल्या. मग उलटं करून छापलं. या वेळी तीनदा तपासलं. घरी येऊन डिंक लावून ठेवलाय. उद्या सकाळी बघायचं. परवा नमुना द्यायचाय, म्हणजे हाच चेंडू शेवटचा.

शुक्रवार, ७ (सकाळी, घाईत)

घात झाला. सुलटं उतरलं, पण जागोजागी तुटलंय. 'क'च्या पोटात पांढरा डाग, वेलांटी दोन ठिकाणी खाल्लेली, काना तर उंदराने कुरतडल्यासारखा. मी जास्त घासलं.

वर बाबांनी ओळखलं. वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"तुमच्या वहीतून. बाबा, रागावू नका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उशीर होतोय तुला," एवढंच म्हणाले. बहुतेक फार रागावलेत. मला रडू येतंय आणि नऊची वेळ गाठायचीय.

शुक्रवार, ७ (संध्याकाळी)

चमत्कार! दुसरा शब्द नाही. घरी आले, पाटी उचलली, तर सगळं भरलेलं! वेलांटी अखंड, काना सरळ, 'क'चं पोट काळंभोर. मी खिडकीशी नेऊन बघितलं, भिंगातून बघितलं. एकही डाग नाही.

मी यावर विचार केलाय. सकाळी लाकूड ओलं असतं. दिवसभरात डिंक आतून आकसत वाळतो, आणि काळी पूड त्याच्याबरोबर पसरत पसरत मोकळ्या जागेत जाऊन बसते. व्हिडिओतल्या बाईला हे माहीतच नाही. तिने आठ तास वाटच पाहिली नाही. डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते:

नियम पहिला. घासल्यावर पांढरे डाग दिसले तर घाबरू नये. आठ तासांत आपोआप भरतात.

बाबांना दाखवलं. म्हणाले, "हं." आज जेवायला बसले तेव्हा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. पेला दोन हातांनी धरला. वहीचं फार मनाला लागलंय त्यांच्या.

शनिवार, ८

काम मिळालं! ग्रंथपाल बाईंनी पाटीवरून बोट फिरवलं आणि प्लास्टिकवाल्याला माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितलं. येताना मी रस्त्याने चालत नव्हते, जवळजवळ उड्या मारत होते. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली तर त्यालाच हात केला.

मंगळवार, ११

गाडी रुळावर आलीय. रात्री डिंक, सकाळी घासणं, दिवसभर वाळणं, संध्याकाळी तयार. रोज एखाददुसरी पाटी. 'कथा', 'चरित्र', 'प्रवास', 'विज्ञान' झाल्या. बोटाची साल निघालीय, पण चालायचंच.

आता मला घासायची भीतीच वाटत नाही. एखादा तुकडा निघाला तर निघाला, नियम पहिला आहेच. आज 'विज्ञान'मधल्या 'ज्ञ'चं निम्मं डोकं गेलं होतं. आले तर डोकं जागेवर!

खोलीत टर्पेंटाइनचा वास येतो. बहुतेक एखाद्या जुन्या डब्याचं झाकण सैल झालंय. शोधलं, पण सापडलं नाही.

गुरुवार, १३

बाबांच्या चष्म्याची दांडी हलत होती, ती आमच्या दवाखान्यातून बसवून आणली. वर्षभर तशीच होती, कधी बोलले नाहीत. आता अचानक घाई. "आजच हवाय," म्हणे. रोज सकाळी विचारतात, "किती वाजता येणार?" म्हातारपणी एकटं वाटत असेल. उद्यापासून लवकर यायचा प्रयत्न करते म्हटलं तर म्हणाले, "काही नको. नेहमीच्या वेळेला ये."

त्यांनी मोडक्या छत्रीची दांडी काढून घेतलीय आणि तिच्या टोकाला फडक्याचा गोळा बांधलाय. हे काय म्हणून विचारलं.

"रेडिओचं बटण. उठावं लागत नाही."

हुशार आहेत. मी नवरोबांना सांगितलं की घरात शोध लावणारी मी एकटी नाही.

शनिवार, १५

बाबांच्या अंगठ्याचं नख काळं होतं. विचारलं तर म्हणाले, "पेपरची शाई. मी पेपर वाचतो, तुझ्यासारखे व्हिडिओ नाही बघत."

खिडकीत एका पेल्यात करडं पाणी होतं. डास होतील म्हणून ओतून दिलं, पेला घासून ठेवला. बाबा जरा चिडले, कारण कळलं नाही.

रविवार, १६

आजचा दिवस सोन्याचा! ग्रंथपाल बाईंनी वाचकांसमोर प्रात्यक्षिक द्यायला बोलावलं होतं. पंधरा-सोळा माणसं. डिंक लावलेला 'कोश' मी रात्रीच तयार करून नेला होता. सगळ्यांसमोर घासला. 'श'ची शेपटी निघून आली तेव्हा एक आजोबा चुकचुकले. मी हसून म्हटलं, "घाबरू नका. आठ तास थांबा, आपोआप भरेल." आणि आकसण्याचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. एका बाईंनी वहीत लिहूनही घेतलं. पाटी तिथेच ठेवून आले.

सोमवार, १७

बाईंचा फोन. 'श'ची शेपटी आली नाही. चोवीस तास झाले तरी.

मी पाटी घरी घेऊन आले. तोंड लपवायला जागा नाही. ज्या बाईंनी लिहून घेतलं त्यांचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येतोय.

मंगळवार, १८

पाटी पुढच्या खोलीत ठेवून कामावर गेले होते. आले, तर शेपटी आलेली!

म्हणजे नियम खरा आहे, फक्त अपुरा आहे. मी आता शास्त्रज्ञासारखं करणार. तीन तुकड्यांवर 'म' उतरवून मुद्दाम डाग पाडलेत. एक स्वयंपाकघरात कपाटावर, एक आमच्या पलंगाखाली, एक पुढच्या खोलीत.

बुधवार, १९

स्वयंपाकघरातला 'म' तसाच. पलंगाखालचा तसाच. पुढच्या खोलीतला पूर्ण भरलाय!

खोलीचाच गुण! मी जेवताना हे जाहीर केलं. बाबा घास चावत गंभीरपणे म्हणाले, "असेल. चाळीस वर्षं भिंतीत रंग मुरलाय. हवा तशी झाली असेल."

मी टाळीच वाजवली. ह्याला म्हणतात अनुभव! मला भिंतींचं सुचलंच नव्हतं. नवरोबा ठसका लागेपर्यंत हसले. त्यांना म्हटलं, हस. पण आता ही खोली रिकामी करता येणार नाही, कारण दुसरीकडे कुठे अक्षर भरतच नाही. ते म्हणाले, "हवेसाठी खोली अडवून ठेवायची? भंगारवाल्याला मी शब्द दिलाय." भांडण झालं. बाबा उठून गेले.

नियम दुसरा. पाटी पुढच्या खोलीतच वाळवावी. दार बंद ठेवावं, हवा बाहेर जाऊ देऊ नये.

गुरुवार, २०

नवरोबांना ताप. आज घरीच होते. मी 'इतिहास' आणि 'नाटक' घासून कामावर गेले. 'इतिहास'मधली वेलांटी पार गेली होती.

संध्याकाळी आले तर ताप उतरलेला, पण डोळे लाल. मी थेंब घातले. डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे ती खोली."

"काय?"

"खोली राहू दे. भंगारवाल्याला नको सांगतो."

"पटलं ना मग? हवेचं?"

"पटलं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

जिंकले! अकरा वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा शास्त्राला शरण आलाय. थेंब मात्र तीन दिवस घालावे लागतील, डोळ्यांतून पाणी येतंच होतं.

सोमवार, २४

एकोणीस पाट्या तयार. घरात चालायला जागा नाही आणि मला ते फार आवडतंय.

बाबांना हाताच्या तपासणीला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून चेंडू दाबून घेतला, बोटं मोजून घेतली. म्हणाले, "पकड बरीच सुधारलीय. कुठला व्यायाम करता?"

"रेडिओचं बटण फिरवतो."

"चालू ठेवा. रोज किती वेळ?"

"सून कामावर असते तेवढा वेळ."

मी मध्ये पडून सांगितलं की त्यांना गाण्यांची फार आवड आहे.

बुधवार, २६

बावीसच्या बावीस झाल्या! आता दारावरची मोठी पाटी. सुतारकाकांनी सव्वा मीटर लांब फळी दिलीय, एकसंध, गाठ नसलेली. दुसरी अशी नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. एकेक अक्षर वीतभर उंच, म्हणून एका कागदावर एकच. शनिवारी संध्याकाळी पाटी लावायला माणूस येणार, रविवारी उद्घाटन. ही बिघडली तर बाईंकडे जुनी प्लास्टिकची पाटी तयार आहे, तीच लागेल.

शुक्रवार, २८ (सकाळी)

काय करून बसले मी.

सगळी अक्षरं छान उतरली होती. 'वाचनालय'मधला 'ल' शेवटी घेतला आणि डिंक तिथे ओलाच होता. स्पंज फिरवला आणि अख्खा 'ल' कागदाबरोबर उठून हातात आला. डाग नाही, तुटका नाही, पूर्ण गेला. 'वाचना', मग कोरं लाकूड, मग 'य'. नवीन छापून चिकटवलं तर पुन्हा ओलं करून घासावं लागेल, आणि त्यात शेजारची अक्षरंही उठतील.

मी खाली बसून रडले. बावीस पाट्या झाल्या आणि दारातच दात पडला.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "कामावर जा. रडून अक्षर येत नाही."

"नियमात डाग आहेत बाबा. अख्खं अक्षर नाही."

"मग नियम वाढव."

मला चेष्टा सहन होईना. पिशवी उचलून निघाले. दार मात्र सवयीने बंद केलं.

शुक्रवार, २८ (संध्याकाळी)

'ल' आहे.

मी दारातच उभी राहिले. पिशवी खांद्यावरच होती. डाग भरतील, शेपटी भरेल. पण कोऱ्या लाकडावर अख्खा 'ल' भिंतीतल्या हवेने येत नाही. एवढं मलाही कळतं.

जवळ गेले. बाकीची अक्षरं बाबांच्या वहीतली, म्हणजे तरुण हातांची, धारदार. हा 'ल' त्यांच्यासारखाच होता, पण त्याची उभी रेघ उतरताना मध्ये एका जागी किंचित हललीय आणि मग सावरलीय. मी बोट लावलं. ओलं होतं. बोटाला काळं लागलं आणि 'ल'वर माझा ठसा उमटला.

बाबा खुर्चीत झोपले होते. हात मांडीवर, अंगठ्याचं नख काळं. शेजारी छत्रीची दांडी. तिच्या फडक्याच्या गोळ्यावर काळे डाग होते. रेडिओ दूर होता, ती दांडी पोचणारच नाही इतका दूर. आणि मला एकदम सगळं दिसलं. मी ओतून दिलेला पेला. टर्पेंटाइन. 'नेहमीच्या वेळेला ये.' दांडी फळीवर टेकवायची, तिच्यावर मनगट ठेवायचं, म्हणजे हात थरथरला तरी ब्रश फार हलत नाही.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. सात वर्षं.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून मनसोक्त रडले. नवरोबा आले तेव्हा विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तापाच्या दिवसापासून. एका वेलांटीला दीड तास लागला त्यांना. दर मिनिटाला थांबायचे, हात झटकायचे, परत टेकवायचे. मी मागे दारात उभा होतो. वळून बघितलंच नाही त्यांनी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

नसते बसले. हे लिहून ठेवते.

शनिवार, २९

सकाळी उठून आधी खोलीत गेले. 'ल'वरचा ठसा नव्हता. जागा पुन्हा गुळगुळीत, काळी.

बाबा चहा पीत होते. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. "उजेड चांगला पडलाय आज," ते म्हणाले. मी हो म्हटलं. दुपारी वॉर्निश दिलं, संध्याकाळी माणूस येऊन पाटी घेऊन गेला.

रविवार, ३०

पाटी दारावर चढली! लोक आत जाताना वर बघत होते आणि मी लोकांकडे बघत होते. आत 'कविता'खाली कविता, 'प्रवास'खाली प्रवास. प्रात्यक्षिकातल्या त्या बाई भेटल्या. म्हणाल्या, त्यांच्याकडे अजून डाग भरले नाहीत. मी त्यांची माफी मागितली आणि बारीक ब्रश आणायला सांगितलं.

बाबा काठी टेकत आले होते. वर्षभरात पहिल्यांदा गल्लीबाहेर. ग्रंथपाल बाईंनी मोठ्या पाटीकडे बोट दाखवलं. "सगळी अक्षरं सुंदर आहेत, पण तो 'ल' बघत राहावासा वाटतो. काही वेगळं केलंय का हो?"

मी तोंड उघडणार इतक्यात बाबा म्हणाले, "हिलाच विचारा. खोलीच्या हवेचा गुण आहे म्हणते."

चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. बाईंना वाटलं असेल मी फार भावनाप्रधान आहे.

मंगळवार, २

काल भंगारवाला आला आणि मोडका पंखा घेऊन परत गेला.

आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी पाटी सांगितलीय: 'नेत्र तपासणी कक्ष'. आज ती घासली. तीन शब्द स्वच्छ उतरले, एकही डाग नाही. आता माझा हात बसलाय. फक्त शेवटचा 'क्ष' मी छापलाच नव्हता. तेवढी जागा मोजून कोरी सोडली.

पिशवी घेतली, पेल्यात स्वच्छ पाणी भरून खिडकीत ठेवलं, शेजारी टर्पेंटाइनची वाटी.

बाबा पाटीवर वाकले. "अगं, हा 'क्ष' कुठे गेला?"

"वाळला की येईल, बाबा. आपोआप."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघितलं.

"'क्ष' अवघड असतो," ते म्हणाले. "दोन दिवस लागतील."

"लागू देत," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.